वंशावळींतील प्रमाद

वंशावळींतील प्रमाद : घराण्याच्या पिढ्यांची व हक्कांची नोंद करणाऱ्या जुन्या कागदपत्रांत नावे, नाती, तिथी, गावे व वतने यांविषयी आढळणाऱ्या चुका आणि परस्परविसंगती. वंशावळ, करीना, कैफियत, महजर, निवाडपत्र, शकावली, कुलवृत्तांत, तीर्थोपाध्यायांच्या वह्या, भाटांच्या पोथ्या, इनाम व वतन यांची सरकारी दप्तरे, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या आणि शाळांची रजिस्टरे ही या माहितीची प्रमुख साधने होत. यांतील कोणतेही साधन केवळ घराण्याचा इतिहास जतन करण्यासाठी निर्माण झालेले नसते. वतनाचा तंटा, श्राद्धाचा संकल्प, जमिनीचा सारा, कर्जाचे खत किंवा मुलाचा शाळाप्रवेश अशा एखाद्या व्यावहारिक गरजेतून ते तयार होते आणि त्या गरजेपुरतीच काळजी त्यात घेतलेली असते. यामुळे त्यांतील चुका पुष्कळदा यादृच्छिक नसून त्यांना ठराविक कारणे असतात व ती समजली म्हणजे कोणत्या कागदावर कोणत्या बाबतीत विसंबावे, हे ठरविता येते. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या भीमा व घोड नद्यांच्या काठच्या तालुक्यांत अशा नोंदींचे बहुतेक सर्व प्रकार आढळतात. त्यामुळे प्रस्तुत विवेचनात त्या परिसरातील उदाहरणे विशेषेकरून घेतली आहेत.

हक्काचे कागद व त्यांतील हेतू : मराठी मुलखात पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, देशपांडेपण इ. वतने वंशपरंपरेने चालत. वतनाच्या तक्षिमा पडत आणि मानपान, शिक्का व नांगर यांचा पहिला हक्क वडील शाखेकडे राही. वडीलकीबद्दल तंटा उत्पन्न झाला, की उभय पक्ष आपापला करीना, म्हणजे घराण्याची मूळ पुरुषापासूनची हकीकत, गोतसभेपुढे किंवा सरकारात सादर करीत. साहजिकच प्रत्येक पक्ष आपला पूर्वज थोरला असल्याचे सांगे. प्रतिपक्षाच्या पूर्वजास धाकटा, दासीपुत्र वा नुसता गुमास्ता ठरवी. क्वचित बनावट महजरही तयार होत. अशा प्रकरणात एका पक्षाचाच कागद कालांतराने शिल्लक राहिला, तर तोच घराण्याचा सर्वमान्य इतिहास होऊन बसतो. निवाडपत्रात दोन्ही पक्षांचे म्हणणे, साक्षी व निकाल नमूद असल्यामुळे एकाकी करीन्यापेक्षा ते अधिक विश्वसनीय मानतात.

इंग्रजी अंमलात हेतूचे स्वरूप पालटले. इनामांच्या चौकशीसाठी १८५२ चा अकरावा अधिनियम संमत झाला आणि इनाम कमिशनपुढे इनामदारांना आपला हक्क मूळ सनदेपासून सिद्ध करावा लागला. इनाम पुढे चालू राहणे हे मूळ संपादकाच्या औरस वंशावर व मान्य दत्तकांवर अवलंबून असल्यामुळे या वेळी दाखल झालेल्या वंशावळींत दत्तकास औरस पुत्र म्हणून दाखविण्याचा, निर्वंश झालेली शाखा गाळण्याचा किंवा दूरच्या भाऊबंदास जवळचा ठरविण्याचा मोह स्वाभाविक होता. १८७४ च्या वतन कायद्याने वतनदारांची रजिस्टरे तयार झाली, तीत प्रत्यक्ष चाकरी करणाऱ्या प्रतिनिधी वतनदाराचे नाव ठळकपणे येते. बाकीचे भाऊबंद मागे पडतात. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने, कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने व मुलकी पाटलांचे पद १९६२ च्या कायद्याने रद्द झाले. त्यानंतर वंशावळ अद्ययावत ठेवण्याचे प्रयोजनच संपल्याने अनेक घराण्यांच्या नोंदी त्या सुमारास थबकलेल्या दिसतात.

कालगणनेतील घोटाळे : जुन्या मराठी कागदांत एकाच वेळी अनेक कालगणना नांदत असत. शालिवाहन शकात ७८ मिळविले, की इसवी सन येतो, हा सर्वपरिचित नियम चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच लागू पडतो. जानेवारीपासून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंतच्या तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात. ही गोष्ट दुर्लक्षिल्याने माघ-फाल्गुनातील जन्म-मृत्यू एक वर्ष मागे ओढले गेल्याची उदाहरणे कुलवृत्तांतांतून पुष्कळ आढळतात. राज्याभिषेक शक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस, तर सुहूर व फसली ही वर्षे मृगारंभी म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात पालटतात. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० व फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळविल्यास इसवी सन मिळतो. म्हणजे दोहोंत नऊ वर्षांचे अंतर आहे. फसली १२२८ हे १८१८-१९ चे वर्ष कोणी सुहूर समजून वाचले, तर ते १८२७-२८ ठरते आणि पेशवाईअखेरचा कागद एकदम एल्फिन्स्टनोत्तर काळात जातो.

सुहूर सन अंकांऐवजी अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिण्याची पद्धत होती. तीत ‘सीत’ म्हणजे सहा व ‘सितैन’ म्हणजे साठ, ‘सबा’ म्हणजे सात व ‘सबैन’ म्हणजे सत्तर, ‘समान’ म्हणजे आठ व ‘समानीन’ म्हणजे ऐंशी, ‘तिसा’ म्हणजे नऊ व ‘तिसैन’ म्हणजे नव्वद असे शब्द येतात. ‘सबा सितैन मया व अलफ’ हे ११६७ म्हणजे इ. स. १७६६-६७ हे वर्ष होय. ‘सीत सबैन मया व अलफ’ हे ११७६ म्हणजे १७७५-७६ होय. अर्धवट फाटलेल्या वा घाईने लिहिलेल्या कागदावर यांपैकी एकाचे दुसरे होण्यास वेळ लागत नाही. या सनाबरोबर हिजरी महिन्यांची चंद्रतिथी देत. तीत रबिलावल व रबिलाखर किंवा जमादिलावल व जमादिलाखर यांची गल्लत होते आणि एक महिन्याचा फरक पडतो.

काही कागदांत वर्षाचा अंक नसून केवळ संवत्सराचे नाव असते. साठ संवत्सरांचे चक्र फिरत असल्याने शके १५४९ चे प्रभव नाम संवत्सर शके १६०९, १६६९ व १७२९ मध्येही येते. अशा नोंदीचा काळ लिहिणाराचे अक्षर, शिक्का किंवा उल्लेखित व्यक्ती यांवरून ठरवावा लागतो. मराठी घराण्यांच्या शाखा इंदूर, ग्वाल्हेर, धार, देवास इ. ठिकाणी स्थायिक झाल्याने आणखी एक अडचण उद्‌भवते. महाराष्ट्रात महिना अमावास्येस संपतो, उत्तरेत तो पौर्णिमेस संपतो. परिणामी येथील फाल्गुन वद्य पक्ष तेथे चैत्र वद्य म्हणून लिहिला जातो व श्राद्धतिथी एकच असूनही दोन शाखांच्या वह्यांत महिना निराळा दिसतो. हा प्रकार आपल्याकडेच घडतो असे नाही. इंग्लंडमध्ये चर्चच्या जन्मविवाहाच्या नोंदवह्या १५३८ पासून ठेवल्या जात. पण तेथे १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतील नोंदींत एक वर्षाची चूक तेथील वंशावळींतही पदोपदी आढळते.

कालनिर्णयाचे सर्वांत गाजलेले मराठी उदाहरण शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचे आहे. उत्तरकालीन बखरींवरून ती वैशाख शके १५४९ (इ. स. १६२७) अशी दीर्घकाळ मानली जात होती. भोरजवळील कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यात जतन झालेली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्धीस आणली. तीत फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी दिलेली आहे. कवींद्र परमानंदाच्या शिवभारत या संस्कृत काव्यातील तिथी व राजस्थानात जोधपूर येथे उपलब्ध झालेली कुंडली यांच्याशी ती जुळली. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये ही तिथी अधिकृतपणे स्वीकारली. एका घराण्याच्या खाजगी टिपणाने अनेक बखरींवर मात केली, याचे कारण ते केवळ जुने होते हे नव्हे. परस्परांशी संबंध नसलेल्या साधनांनी त्यास दुजोरा दिला, हे होय. याउलट अनेक बखरींतील एकवाक्यता एकीवरून दुसरी लिहिल्यामुळे आलेली असू शकते.

लिपी व नकला : अव्वल इंग्रजी अमदानीपर्यंतचे बहुतेक सर्व व्यवहार मोडी लिपीत चालत आणि गावपातळीवर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडीचा वापर आढळतो. मोडीत आधी रेघ ओढून तीखाली अक्षरे लिहीत जात. शब्द तोडले जात नाहीत, इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घभेद बहुधा पाळला जात नाही, अनुस्वार गळतो आणि नेहमीचे शब्द संक्षेपाने लिहिले जातात. एका पिढीने केलेले बाळबोध लिप्यंतर पुढील पिढीस मूळ कागद वाचता येत नसल्याने प्रमाण ठरते आणि त्यातील चुकीचे वाचन छापील कुलवृत्तांतापर्यंत पोहोचते. ओळीचा शेवट व पुढील ओळीचा आरंभ सारख्याच नावाने होत असल्यास नकलनविसाची नजर घसरते व मधील एक पिढी गळते. तक्त्याच्या स्वरूपातील वंशावळ पुन्हा लिहिताना रेघ चुकीच्या नावास जोडली गेली, तर पुतण्या मुलाच्या जागी जातो.

रोमन लिपीतील इंग्रजी कागदांनी या घोटाळ्यात भर टाकली. शिरूर हे गाव त्यांत सिरूर वा सेरूर असे वाचता येईल अशा अक्षरांत आणि दौंड हे धोंड असे वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलेले आढळते. पलटणीच्या, रेल्वेच्या व मिशनच्या कागदांवरून पुन्हा मराठीत नाव लिहिताना मूळ आडनाव ओळखू न येण्याइतके पालटते. शिरूर येथे एकोणिसाव्या शतकात लष्करी छावणी व अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र होते, तर दौंड हे १८७८ मध्ये मनमाडचा लोहमार्ग सुरू झाल्यावर महत्त्वाचे जंक्शन बनले. यामुळे या भागातील अनेक कुटुंबांचे पूर्वज मोडी व रोमन अशा दोन्ही लिप्यांतील कागदांतून शोधावे लागतात.

नावांची पुनरावृत्ती व आडनावे : आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची प्रथा महाराष्ट्रात रूढ असल्याने एकाआड एक पिढीत तेच नाव येते. पेशवे घराण्यात बाळाजी विश्वनाथ, बाजीराव बल्लाळ, बाळाजी बाजीराव, माधवराव बल्लाळ असा क्रम आहे. यांतील बल्लाळ म्हणजे बाळाजीचा पुत्र. परंतु बाजीरावाचा पिता बाळाजी वेगळा आणि माधवरावाचा पिता बाळाजी वेगळा. इतक्या सुपरिचित घराण्यातही केवळ ‘बाळाजी’ किंवा ‘बाजीराव’ एवढाच उल्लेख असलेला सुटा कागद कोणाचा, हे कालनिर्णयाशिवाय सांगता येत नाही. मग सामान्य शेतकरी कुटुंबात ‘रामजी बिन खंडोजी’ व ‘खंडोजी बिन रामजी’ यांच्या चार पिढ्यांच्या दोन होणे किंवा दोघांच्या चार होणे सहजशक्य आहे.

आडनाव ही स्थिर गोष्ट नाही. जुन्या कागदांत ते अनेकदा नसतेच; व्यक्तीची ओळख नाव, बापाचे नाव व गाव किंवा हुद्दा यांनी होते. पाटील, कुलकर्णी, देशमुख, चौगुले ही अधिकारपदे आडनावे बनली, तर होळ गावावरून होळकर असे गावाचे नाव घराण्यास चिकटले. गाव सोडल्यावर नवे आडनाव घेतलेली शाखा मूळ शाखेपासून तुटल्यासारखी दिसते आणि एकाच गावावरून सारखे आडनाव घेतलेली दोन भिन्न घराणी एकवंशीय मानली जातात. कोरेगाव भीमा येथील १ जानेवारी १८१८ च्या लढाईत इंग्रजांकडील फौज शिरूरहून कूच करून आली होती. तिच्या स्मरणार्थ पेरणे येथे उभारलेल्या स्तंभावर सैनिकांची जी नावे कोरली आहेत, त्यांत ‘नाक’ हा महार समाजातील नावांचा प्रत्यय असलेली अनेक नावे आहेत. तेथे आडनावे नाहीत. नाव दगडात कोरलेले असूनही त्या सैनिकाचे आजचे वंशज निश्चित करणे त्यामुळे कठीण होते.

गावांच्या नावांतही हीच अडचण आहे. शिरूर नावाची तालुक्याची ठाणी बीड जिल्ह्यात (शिरूर कासार) व लातूर जिल्ह्यात (शिरूर अनंतपाळ) आहेत; पुणे जिल्ह्यातील शिरूर त्यामुळे घोडनदी या नावाने ओळखले जाते. शिरूर तालुक्यात आलेगाव पागा व शेजारच्या दौंड तालुक्यात आलेगाव अशी गावे आहेत. दौंड तालुक्यातच बोरीपार्धी, बोरीभडक व बोरीऐंदी, तसेच देऊळगाव गाडा व देऊळगाव राजे अशी नावे सापडतात. वढू बुद्रुक शिरूर तालुक्यात, तर वढू खुर्द हवेली तालुक्यात आहे. मूळ कागदात नुसते ‘बोरी’ किंवा ‘आलेगाव’ असल्यास तर्फ व प्रांत पाहिल्याशिवाय गाव ठरविता येत नाही. तर्फ-प्रांतांच्या सीमाही पालटल्या आहेत. शिरूर तालुक्यातील पाबळ हे पेशवाईत जुन्नर प्रांतातील एका तर्फेचे ठिकाण होते. आजचा दौंड तालुका जुन्या भीमथडी तालुक्यातून वेगळा झाला. त्यामुळे पूर्वज ‘भीमथडीचा’ असल्याची नोंद बारामती व दौंड या दोन्ही तालुक्यांत शोधावी लागते.

स्त्रिया, दत्तक व वगळलेल्या व्यक्ती : पारंपरिक वंशावळ ही पुरुषांची यादी असते. मुलींची नोंद नसते. पत्नी आलीच तर सासरच्या नावाने येते व माहेरचा उल्लेख गळतो. महसुली व न्यायालयीन कागदांत मात्र ‘सखूबाई कोम रामजी’ अशा स्वरूपात विधवा वतनदार म्हणून, खरेदीदार म्हणून वा दत्तक घेणारी म्हणून दिसते. म्हणजे वंशावळीत नसलेल्या स्त्रिया हक्काच्या कागदांत सापडतात. दत्तकाचा जन्म एका घरातील व नाव दुसऱ्या घरातील असल्याने तो दोन वंशावळींत दोन नावांनी येऊ शकतो. पतीच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी विधवेने दत्तक घेतल्यास पित्याचा मृत्यू पुत्राच्या जन्माआधीचा दिसतो. ही वरवर अशक्य वाटणारी नोंद पुष्कळदा चूक नसून दत्तकविधानाची खूण असते.

पाबळ येथे कबर असलेल्या मस्तानीचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. पाबळ, केंदूर इ. गावे पहिल्या बाजीरावाने तिला दिली होती. बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी मृत्यू पावला व त्यानंतर लवकरच तीही निवर्तली. तिच्या जन्माविषयी एकवाक्यता नाही. ती छत्रसालाची कन्या होती, ही परंपरा प्रसिद्ध असली, तरी इतर हकीकतीही प्रचलित आहेत. तिच्या मृत्यूच्या कारणाबद्दलही भिन्न कथा सांगतात. तिचा मुलगा समशेर बहाद्दर (१७३४–६१) याचे मूळ हिंदू नाव कोठे कृष्णसिंग, तर कोठे कृष्णराव असे दिले जाते. तो पानिपताच्या युद्धातील जखमांनी मरण पावला. त्याचा मुलगा अलीबहाद्दर याच्यापासून बांद्याच्या नबाबांचा वंश चालला. पेशव्यांच्या औरस व मान्य वंशाची वंशावळ मांडताना ही शाखा पुष्कळदा गाळली जाते. येथे माहितीचा अभाव हे कारण नसून शाखेस घराण्यात स्थान न देण्याची सामाजिक भूमिका हे कारण आहे.

दुष्काळ व विस्थापन यांनी पिढ्यांचा दुवा कायमचा तुटल्याची उदाहरणेही याच परिसरात आहेत. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) दौंड तालुक्यातील केडगाव येथे उभारलेल्या मुक्तिसदनात १८९६ नंतरच्या दुष्काळांतील निराधार मुली व स्त्रिया शेकड्यांनी आश्रयास आल्या. माता-पिता गमावलेल्या लहान मुलीचे वय अंदाजाने लिहावे लागते आणि मूळ गाव व कुळ तिला सांगता येईल तेवढेच नोंदले जाते. अशा आश्रमांतून संसारास लागलेल्या स्त्रियांच्या वंशजांना आईकडील परंपरा एका पिढीपलीकडे नेता येत नाही.

नष्ट झालेली व नव्याने निर्माण झालेली दप्तरे : १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा झाला व तो शिरूर, इंदापूर आणि अहमदनगर जिल्ह्यातील काही तालुक्यांत पसरला. शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः कर्जरोखे व हुकूमनामे यांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले. कुणब्याच्या घरात लेखी कागद क्वचितच असे; त्याचे, त्याच्या बापाचे व जामीन राहिलेल्या भाऊबंदांचे नाव सावकाराच्या खतातच आढळे. त्यामुळे ज्या कागदांनी त्याला जखडले होते, त्यांच्याबरोबर त्याच्या कुटुंबाची नोंदही नाहीशी झाली. या दंग्यांच्या चौकशीतून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यानुसार शेतकऱ्यांचे दस्तऐवज गावनिबंधकापुढे होऊ लागले आणि पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांतील सामान्य कुटुंबांविषयी लेखी पुरावा वाढला. या भागातील अनेक कुटुंबांचा सलग पुरावा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच मिळतो, याचे एक कारण हे आहे. १९४८ मधील जाळपोळीत दक्षिण महाराष्ट्रातील काही कुलकर्णी घराण्यांची दप्तरे नष्ट झाली. तो तुटवडा भरून काढण्यासाठी पुढे आठवणींवरून लिहिलेल्या वंशावळींत मागील दोन-तीन पिढ्या बिनचूक व त्यामागील पिढ्या संशयास्पद असा प्रकार सामान्यतः आढळतो.

आधुनिक नोंदवह्या : गावातील जन्ममृत्यूची नोंदवही (गाव नमुना १४, प्रचलित नाव कोतवाल बुक) हे तिथीच्या दृष्टीने समकालीन साधन होय. परंतु तीत बहुधा बापाचे नाव व अपत्य मुलगा की मुलगी एवढेच असते. बाळाचे नाव बारशानंतर ठरत असल्याने ते लिहिले जात नसे. एकाच बापाच्या चार मुलांपैकी कोणती नोंद कोणाची, हे त्यामुळे अनुमानानेच ठरते. प्लेगच्या व १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या साथींत गावे ओस पडली असता काही मृत्यू नोंदलेच गेले नाहीत. जन्ममृत्यूच्या नोंदीचा १९६९ चा देशव्यापी कायदा १९७० मध्ये अंमलात आल्यावर या नोंदींना अधिक शिस्त आली.

शाळेच्या दाखल-खारज रजिस्टरात नाव, जात व जन्मतारीख ही तिन्ही असतात. तथापि, तारीख ठाऊक नसलेल्या मुलाच्या नावापुढे गुरुजी जून महिन्यातील, विशेषतः १ जून, ही सोयीची तारीख घालीत. प्रवेशाचे वय भरावे एवढाच त्यामागील उद्देश असे. ग्रामीण महाराष्ट्रातील जुन्या पिढीत १ जून हा अनेकांचा वाढदिवस असण्याचे कारण हेच होय. फेरफार व वारसनोंदी यांत वारसांची नावे काटेकोर दिसली, तरी त्या नोंदी प्रत्यक्ष मृत्यूनंतर काही वर्षांनीही होतात व हक्क सोडलेल्या बहिणींची नावे त्यांत कधीकधी नसतात.

जातीचा रकाना हा या नोंदींतील सर्वांत नाजूक भाग आहे. लिहिणाऱ्या पाटलाची, कुलकर्ण्याची वा शिक्षकाची समजूत, नोंदीचा प्रसंग आणि त्या काळी रूढ असलेले नाव यांनुसार एकाच कुटुंबातील सख्ख्या भावांपुढे ‘कुणबी’, ‘मराठा’ किंवा नुसता ‘कु.’ असा संक्षेप आढळतो. आरक्षणाच्या व्यवस्थेत जातीचे प्रमाणपत्र व त्याची पडताळणी जुन्या नोंदीवर अवलंबून असल्याने या विसंगतीस मोठे महत्त्व आले. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या कामात मोडी लिपीतील अशा जुन्या महसुली व शैक्षणिक नोंदींचा मोठ्या प्रमाणावर शोध घेतला गेला. अर्जदारास पूर्वजाची नोंद सापडणे पुरेसे नसते, तो पूर्वज आपलाच हे वंशावळीने दाखवावे लागते. नाव, गाव व पिढी यांविषयी वर सांगितलेल्या सर्व अडचणी अशा वेळी एकत्र येतात आणि एका काना-मात्रेच्या फरकाने मुलाचा महाविद्यालयीन प्रवेश वा नोकरी अडू शकते.

गौरवपर प्रमाद : सत्तेवर आलेल्या घराण्यांनी आपला मूळ पुरुष पुराणप्रसिद्ध वा राजपूत वंशाशी जोडणे हा प्रकार सर्वत्र आढळतो. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशचरित्राचा प्रदीर्घ मराठी शिलालेख याचे ठळक उदाहरण होय. त्यातील आरंभीच्या पिढ्या इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीत. परंतु तंजावरच्या नंतरच्या राजांविषयी तो उपयुक्त आहे. माहिती दगडात कोरली गेली म्हणून ती अधिक खरी ठरत नाही, हे यावरून दिसते. इंग्लंडमध्ये जॉन होरेस राउंड (१८५४–१९२८) याने सरदार घराण्यांच्या अशाच कल्पित वंशावळींची परखड चिकित्सा केली. महाराष्ट्रात विश्वनाथ काशिनाथ राजवाडे व १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ यांनी अस्सल पत्रांस बखरींपेक्षा अधिक प्रामाण्य देण्याची दृष्टी रुजविली. त्यामुळे घराण्यांच्या इतिहासलेखनासही वळण लागले.

परीक्षणाची पद्धत : कागदाचे परीक्षण करताना तो कोणी, केव्हा व कशासाठी लिहिला, हे प्रथम पाहतात. घटनेच्या वेळी लिहिलेला कागद नंतरच्या आठवणीपेक्षा आणि मूळ कागद नकलेपेक्षा श्रेष्ठ मानतात. ज्या बाबीत लिहिणाराचा स्वार्थ नाही, ती बाब अधिक विश्वसनीय असते. उदा., वडीलकीच्या करीन्यातील भावांचा क्रम शंकास्पद असला, तरी त्यात ओघाने आलेले दुष्काळाचे वा गाव उठल्याचे वर्ष ग्राह्य असू शकते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इ. क्षेत्रांतील उपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूने स्वतः सांगितलेली भावा-मुलांची नावे त्या दिवशीची म्हणून मोलाची ठरतात. त्यांतील पणजोबापलीकडील नावे मात्र ऐकीव समजावी लागतात.

दुसरी कसोटी पिढ्यांची. शंभर वर्षांत सामान्यतः तीन ते चार पिढ्या होतात. दोनशे वर्षांच्या अवधीत चारच पिढ्या दाखविलेल्या असल्यास नावे गळली असावीत व दहा-बारा दाखविल्यास भाऊ एकाखाली एक लिहिले गेले असावेत, असा संशय घेण्यास जागा असते. तिसरी कसोटी तिथीची. तिथी, वार, संवत्सर व चंद्रतिथी यांपैकी दोन किंवा अधिक अंगे दिलेली असल्यास जंत्रीच्या साहाय्याने ती परस्परांशी ताडून पाहता येतात. चौथी व सर्वांत महत्त्वाची कसोटी स्वतंत्र दुजोऱ्याची. खाजगी वही, सरकारी दप्तर व क्षेत्रोपाध्यायाची नोंद ही तीन वेगवेगळ्या हातांची साधने जेथे जुळतात, तेथे निष्कर्ष बळकट होतो. पुणे येथील पेशवे दप्तर, जिल्ह्याचे व तालुक्याचे अभिलेखकक्ष आणि गावचे जुने रजिस्टर यांचा एकत्रित उपयोग यासाठी करतात.

विसंगती आढळली, की सोयीचा पाठ ठेवून दुसरा खोडून टाकण्याची प्रवृत्ती घरगुती वंशावळींत प्रबळ असते. ती घातक होय. पुढील संशोधकास मूळ वाचनच उपलब्ध होत नाही आणि एका पिढीचे अनुमान दुसऱ्या पिढीत पुरावा बनते. मूळ अक्षर जसेच्या तसे उतरवून शेजारी दुरुस्ती, तिचे कारण व करणाराचे नाव लिहिणे हा योग्य मार्ग आहे. दोन कागदांतील फरक कित्येकदा दत्तक, स्थलांतर, वतनाचा तंटा किंवा वगळलेली शाखा यांचा माग दाखवितो. म्हणून निर्दोष दिसणाऱ्या एकसंध वंशावळीपेक्षा शंका व रिकाम्या जागा प्रामाणिकपणे दाखविणारी वंशावळ घराण्याच्या व प्रदेशाच्या इतिहासास अधिक उपयोगी पडते.